आधी विचार, मग उपट

आपा एंटर दाबायच्या नाहीत, मारायच्या. उजव्या हाताची मूठ वळायची, खांद्यापर्यंत उचलायची आणि धाडकन त्या बटणावर आणायची. टेबलावरचे चहाचे कप थरथरायचे. आमच्या ऑफिसच्या खाली बॅटरीचं दुकान आहे. तिथला माणूस एकदा जिना चढून वर आला आणि विचारू लागला, "तुम्ही वर मिरची कांडप टाकलं का काय?" एंटरचं ते बटण इतक्या वेळा निखळलं होतं, की शेवटी आपांनी ते पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशनने चिकटवून टाकलं होतं.

मूठ मारायच्या आधी मात्र त्या पडद्यावरची ओळ न् ओळ वाचायच्या. घाई केलेली त्यांना खपायची नाही. मागून कुणी म्हणालं, की आपा, मारा की आता, तर मान न वळवता उत्तर यायचं, "आधी विचार, मग उपट. मुडद्या, डोळे हायत का शर्टाच्या गुंड्या?"

लातूरच्या ज्या छोट्या कंपनीत मी काम करतो, तिथली ही गोष्ट; आपा तिथल्या मुख्य प्रोग्रामर. डाळ मिलच्या वजनकाट्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ट्रॅक्टर काट्यावर चढला, की वजन कॉम्प्युटरवर उमटलं पाहिजे आणि पावती निघाली पाहिजे, एवढंच काम. पण एवढ्याशा कामाला किती लायब्ऱ्या लागतात म्हणून सांगू. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. काळ्या पडद्यावर एका ओळीचा हुकूम लिहिला, की तो येऊन मशीनमध्ये बसतो. दुसऱ्या एका ओळीनं निघून जातो. अडचण अशी, की लायब्ररी कधी एकटी येत नाही. आणि काढायला गेलात, तर तिच्या आधारावर उभ्या असलेल्या बाकीच्याही तिच्यासोबत निघतात. मशीन बिचारं आधी तसं सांगतं. हिच्याबरोबर ह्याही जातील, काढू का, म्हणून विचारतं. हो म्हणायचं तर वाय दाबायचं. ज्यांना तेवढाही दम निघत नाही, ते हुकमाच्या शेपटाला आधीच डॅश वाय लावून मोकळे होतात. म्हणजे मला काही विचारूच नको, माझं सगळ्याला हो.

ह्या डॅश वायचा आपांना भयंकर राग. त्यांच्या टेबलावर एक स्टीलची पट्टी असायची. कुणी डॅश वाय लिहिलेलं दिसलं, की ती पट्टी उभी करून बोटांच्या पेरांवर बसायची. मीही खाल्ली आहे. डोळ्यांतून पाणी यायचं. वर त्या म्हणायच्या, "पुढच्या टायमाला बोटं छाटीन अन् तुझ्या डब्यात घालून घरी पाठवीन. बायको लिंबाचं लोणचं समजून वाढंल तुला." आम्ही हसायचो, पण टाइप करताना हात आखडून घ्यायचो.

नवीन लायब्ररी आणताना आपांचा थाट बघण्यासारखा असायचा. एकीचं नाव लिहायच्या आणि तिच्या मागून येणाऱ्यांची रांग पडद्यावर लागली, की मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहिल्यासारखं एकेकीला धरायच्या. "तू कोण? कुणाकडून आली? पोरीकडून का पोराकडून? तुला कुणी बोलावलं? बरं, ये. अन् ही कोण? हिचं काय काम हाय? चल, फूट." नको असलेलीला इतक्या कचकचीत शिव्या घालायच्या, की समोरची पोरगी कानात बोटं घालायची.

हा स्वभाव कुठून आला, ते मला नांदेडला त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. जुन्या नांदेडातलं घर. त्यांचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. ते गेल्यावर आपा आईला घेऊन लातूरला आल्या होत्या, ईदला तेवढ्या नांदेडला जायच्या. वडिलांची हत्यारं तिथल्या कपाटात तेल लावून ठेवलेली होती. आपा म्हणाल्या, "अब्बा एक स्क्रू काढायच्या आधी त्याला विचारायचे, काय धरून बसलास बाबा तू? मी लहान होते, मला वाटायचं अब्बाचं डोकं फिरलं. एकदा न विचारता मी एक स्क्रू काढला. मशीन पायावर पडलं." त्यांनी सलवार वर करून घोट्यावरचा व्रण दाखवला. "अन् वरून अब्बाची चप्पल खाल्ली."

हात मात्र त्यांचा लई चालायचा, हे कबूल केलं पाहिजे. जुनी हार्डडिस्क बाद झाली, की गच्चीवर नेऊन हातोडीनं तिचा भुगा करायचं काम त्या कुणाला देत नसत. पण माणसांच्या बाबतीतही नियम तोच, आधी विचारायचं. एकदा प्रिंटर विकायला आलेल्या एका टायवाल्यानं आमच्याकडच्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. आपा उठल्या, शांतपणे तिच्याजवळ गेल्या. "हा तुझ्या ओळखीचा हाय का?" ती म्हणाली, न्हाई. "तुला चालतंय का?" ती म्हणाली, न्हाई. मग त्या टायवाल्याच्या कानाखाली असा आवाज निघाला, की बॅटरीवाला पुन्हा वर आला. टायवाला जिन्यात पोचेपर्यंत त्यांनी त्याला आणखी एक ठेवून दिली होती.

आता मालकांविषयी सांगतो. आमचे मालक माणूस वाईट नाहीत, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेलं अर्धं ज्ञान आणि चारचौघांत मिरवायची हौस, एवढं त्यांचं भांडवल. आपांच्या पट्टीचा धाक त्यांना तेवढा नव्हता, कारण मालकाच्या बोटावर पट्टी कोण मारणार?

तुरीचा हंगाम होता. आमच्या एका मोठ्या मिलच्या दारात चाकूर, मुरुड, शिरूर अनंतपाळकडचे ट्रॅक्टर सकाळपासून लागलेले. अशा दिवशी मालक मिलवर गेले. पावतीवर कंपनीचं रंगीत चिन्ह उमटवून मॅनेजरला दाखवायचं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी एक नवी लायब्ररी लागत होती. ती जुनीशी भांडायला लागली. मालकांनी जुनी काढून टाकली. अर्थात, डॅश वाय लावून. त्या जुनीवर काय काय उभं होतं, ते मशीननं विचारलंच नाही. काट्याचं वजन वाचणारी गेली, पावती छापणारी गेली, हिशेब जोडणारीही गेली. पडद्यावर वजनाच्या जागी नुसता काळोख.

फोन आला तेव्हा मालकांनी आपांना एवढंच सांगितलं, की काटा अचानक बंद पडलाय, लवकर या. मी आपांना मोटारसायकलवर मागे बसवून निघालो.

मिलच्या फाटकातच काचा पडलेल्या दिसल्या. काट्याच्या केबिनची खिडकी फोडली होती. मॅनेजरनं आपल्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं होतं आणि बाहेरून दारावर लाथा बसत होत्या. एका हमालाचं कपाळ फुटलं होतं, तो तसाच ओरडत होता. लोकांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. उन्हात ताटकळले होते, हे एक. पण खरी भीती वेगळी होती. काट्यावर आधी भरलेली गाडी तोलतात, मग तूर मिलच्या ढिगावर ओततात, मग रिकामी गाडी तोलून पावती देतात. कितीतरी जणांची तूर ढिगात पडून एक झाली होती आणि हातात पावती नव्हती. माझी तूर किती होती, हे सांगणारं आता त्या बंद डब्याशिवाय कुणी नव्हतं.

आम्ही केबिनमध्ये घुसलो आणि आतून कडी घातली. मालक खिडकीजवळच्या कोपऱ्यात, घामानं भिजलेले. खिडकीतून एकानं आत हात घालून त्यांची गचांडी धरली आणि विचारलं, "कुणी बिघडवलं हे? नाव सांग."

मालकांनी बोट उचललं आणि आपांकडे दाखवलं. "ह्यांनी. ऑफिसातून सकाळी ह्यांनीच काहीतरी केलं. मला काय माहीत नाही."

मी तिथेच होतो. ते बोट मला अजून दिसतं.

आपांनी वाद घातला नाही. कॉम्प्युटरपुढे बसल्या, पडद्यावर आधी लिहिलेल्या ओळी मागे सरकवून वाचल्या. मालकांच्या नावानं, मालकांच्या हातानं लिहिलेला तो हुकूम, शेपटाला डॅश वाय. मीही खांद्यावरून वाचला. आपांनी मान वळवून मालकांकडे एकदा पाहिलं. तेवढ्यात केबिनचं दार तुटलं.

आत शिरलेल्या माणसाच्या हातात टायर खोलायची लोखंडी टॉमी होती. मुरुडकडचा ट्रॅक्टरवाला. डोळे लाल. "ह्या डबड्यापायी आमचं वाटोळं," म्हणत तो कॉम्प्युटरवर धावला. मी आडवा गेलो तर त्यानं मला असं ढकललं, की माझं डोकं भिंतीवर आपटलं.

"फोड," आपा म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "पण आधी विचार, ह्यात काय हाय."

त्यानं विचारलं नाही. टॉमी वर गेली. आपांनी कॉम्प्युटरवर उजवा हात आडवा टाकला आणि टॉमी त्या हातावर आली.

हाड मोडल्याचा आवाज तुम्ही ऐकला नसेल तर ऐकू नका. वाळकी तुऱ्हाटी मोडावी तसा आवाज. रक्त कीबोर्डवर उडालं. आपांच्या तोंडातून आईच्या नावाची एक हाक निघाली, फक्त एक. मग दात आवळून त्या माणसाला म्हणाल्या, "तुझी तूर हाय ह्यात, कमबख्त. सकाळपासून जेवढ्यांची तोलली, सगळ्यांची हाय. आमचं सॉफ्टवेअर बंद पडलंय, वजनं आत जागच्या जागी हायत. डबा फोडला असतास तर मग कुणाला विचारलं असतंस, ढिगाला?"

टॉमी खाली पडली. तो माणूस मटकन खाली बसला आणि स्वतःच्या तोंडावर चापट्या मारून घेऊ लागला. आपा त्याच्यावरच खेकसल्या, "ते नाटक मागून कर. आधी बाहेरच्यांना गप कर, जा." तो उठून दारात हात पसरून उभा राहिला आणि कुणाला आत येऊ दिलं नाही.

मी खिशातली दस्ती काढून हात बांधला. दवाखान्यात चला म्हणालो, तर म्हणाल्या, "डाव्या हातानं पण मारता येतं मला. बस इथं. मी सांगते, तू लिही." मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. एकेक लायब्ररी परत आणली. प्रत्येक वेळी मशीननं विचारलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी, हात कोपरापर्यंत सुजलेला असताना, पूर्ण यादी वाचली. "ही कोण? हां, घे. ही? घे. थांब, ही आपली न्हाई, हिला काढ." माझी बोटं रक्तानं बटणांना चिकटत होती. शेवटी काट्यावर उभ्या ट्रॅक्टरचं वजन पडद्यावर उमटलं आणि त्याखाली सकाळपासूनची सगळी वजनं. बाहेर एकदम शांतता झाली. पहिली पावती निघाल्यावर आपांनी टेबलावर डोकं टेकलं.

हाताचं ऑपरेशन झालं. दोन बोटं आता वळणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. मूठ होणार नाही.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा आपांनी टॉमीवाल्याविरुद्ध तक्रार दिली नाही. मला म्हणाल्या, "त्यानं न विचारता मारलं, खरंय. पण ज्यानं न विचारता उपटलं, त्याला कोणतं कलम हाय?"

आम्ही सगळे वाट बघत होतो, की हात गळ्यात अडकवून का होईना, आपा ऑफिसात येतील आणि डाव्या हातानं मालकांचं थोबाड रंगवतील. मी तर स्वप्नात बघितलं होतं. त्या आल्या, खाली मान घालून कामाला लागल्या. आणि चार दिवसांनी मालकांनीच, फोनकडे बघत, सांगितलं, की मिलवाले म्हणतात ती बाई आमच्या काट्यापाशी नको. मिलच्या लेखी तर आपांनीच काटा बंद पाडला होता. एका मिलचं ऐकून बाकीच्याही तेच बोलायला लागल्या होत्या. ज्या बाईनं हात देऊन त्यांची वजनं राखली, तिच्या नावानं लातूरभर बोंब.

माझं डोकं फिरलं. मी आपांना जिन्यात गाठलं.

"मी आत्ता मिलमध्ये जाऊन सांगतो. हुकुमापुढे मालकांचं नाव आहे. तुम्ही पाहिलंय, मी पाहिलंय."

"सांग. मग?"

"मग काय, मिलवाले त्यांना हाकलतील."

"अन् बाकीच्या मिला? त्या बी जातील. कंपनी बुडंल. मग?"

"बुडू द्या, आपा. जाऊ द्या मसणात."

त्यांनी डाव्या हातानं माझी कॉलर धरून मला भिंतीवर दाबलं. खरंच दाबलं, श्वास कोंडला. "तुझी बायको पोटुशी हाय ना? त्या समोरच्या पोरीचा बाप अंथरुणावर हाय, तिच्या पगारावर घर हाय. त्या कोपऱ्यातल्याला ह्या वयात दुसरीकडं कोण घेईल? ह्याला उपटला, तर ह्याच्यासंगं कोण कोण निघतं, ते वाचलं मी. तुम्ही सगळेच निघताय." कॉलर सोडली. "माझ्यावर कोण उभं हाय, ते बी वाचलं. त्याला आधी हलवते. मग मी निघते. अम्मीला घेऊन नांदेडला जाते, अब्बाचं दुकान बंद पडलंय, ते उघडते."

मला त्या दिवशी मालकांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. आमच्या पोटासाठी ह्या बाईनं आपलं नाव मातीत घालावं, असं आम्ही कोण लागून गेलो होतो? मी जिन्यात बसून रडलो. खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी स्वतःला काढायला घेतलं. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. त्यांना एकटीला ठाऊक असलेलं एकेक काम त्या आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात घालत गेल्या. जवळ बसवायच्या, करून घ्यायच्या, चुकलं की पट्टी. डाव्या हाताची पट्टी नेम धरून बसायची नाही, कधी मनगटावर, कधी कानावर. "माझ्यावाचून तुझं काय अडतं, बोल," असं प्रत्येकाला विचारायच्या. जे अडतं म्हणालो, ते शिकवायच्या. काहीच अडत नाही असं होईपर्यंत सोडलं नाही.

शेवटच्या दिवशी मालक शाल, नारळ आणि पेढे घेऊन आले. आपा म्हणाल्या, "ठेवा तिकडं. इथं बसा, साहेब." त्यांना आपल्या खुर्चीवर, आपल्या कीबोर्डपुढे बसवलं. सर्व्हरवरून आपांचं नाव काढायचं राहिलं होतं. नाव काढतानाही मशीननं आधी विचारावं, ही सोय आपांनीच पूर्वी करून ठेवली होती. "माझा हात चालत न्हाई. तुम्ही लिहा."

मालकांनी लिहिलं. आणि सवयीनं, अगदी सवयीनं हो, शेवटी डॅश वाय लावलं.

पट्टी सणकन आली. मालकांच्या बोटांपासून एका बोटाच्या अंतरावर, टेबलावर. टेबलाची सनमायका तडकली. मालक खुर्चीसकट मागे सरकले.

"खोडा ते."

त्यांनी खोडलं.

"आता वाचा. मोठ्यानं."

मालकांनी वाचलं. ह्या नावाखाली कोणकोणती कामं होती, ती सगळी आता कुणाच्या नावावर गेली, पडद्यावर एकामागून एक ओळी येत होत्या. त्यांचा आवाज चिरकत होता. खाली प्रश्न होता, हे नाव कायमचं काढायचं का? त्यांनी वाय लिहिलं आणि एंटरवर हळूच बोट टेकवलं. ते चिकटवलेलं बटण हललंसुद्धा नाही.

"असं गोंजारून जात न्हाई ते, साहेब," आपा म्हणाल्या. "मारा. उपटताना मारलं होतं ना, तसं मारा."

मालकांनी मारलं. आपांनी पडद्यावर नाव गेलेलं बघितलं, पर्स उचलली आणि निघाल्या. शाल तिथेच राहिली.

आपा गेल्या आणि मी वाट बघू लागलो. खरं सांगतो, काहीतरी बंद पडावं, मालकांना घाम फुटावा, म्हणून मी मनातल्या मनात रोज हात जोडायचो. काहीही बंद पडलं नाही. पुन्हा तुरीचा हंगाम आला. काटे चालले, पावत्या निघाल्या. इतकी साफ निघाली ती बाई, मागे एक खिळा ढिला ठेवला नाही.

परवा मालक ऑफिसच्या मधोमध उभे राहून पाहुण्यांना सांगत होते, "आमच्याकडे एक आपा होत्या. सगळे म्हणायचे, त्या गेल्या तर कंपनी बसेल. बघा, गेल्या. आपलं काही अडलं का?" आणि हसले.

आपांच्या टेबलावर आता मी बसतो. तिथूनच मी ते ऐकलं. उजव्या हाताची मूठ वळली, खांद्यापर्यंत उचलली आणि आणली खाली. कप फुटला. एंटरचं बटण निखळून उडालं आणि मालकांच्या बुटापाशी जाऊन पडलं. ते उचलायला आमच्यापैकी कुणी वाकलं नाही.